जुनी स्पोर्ट्स कार, आयुष्यातली पहिली गाडी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी पहिली गाडी १९७३ सालची ट्रायम्फ स्पिटफायर. घेतली तेव्हा मी १९ वर्षांचा होतो. पहिल्याच आठवड्यात ती पूर्ण खोलली आणि पुढची पावणेतीन वर्षं ती खोक्यांत पडून राहिली. तेव्हा कुणी चार गोष्टी आधी सांगितल्या असत्या तर ती वर्षं मी गाडी चालवण्यात घालवली असती. आता हेच प्रश्न मला मुलंमुली विचारतात, त्यांचे आईवडीलही विचारतात. सगळी उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

पहिली गाडी म्हणून जुनी स्पोर्ट्स कार घ्यावी का?

घ्यावी, पण ती चालती राहील अशा बेताने. पहिली गाडी असते गाडी चालवायला शिकण्यासाठी, आणि बंद गाडी काहीच शिकवत नाही. म्हणून कामाचा क्रम एकच ठेवा: आधी गाडी नीट थांबली पाहिजे, मग नीट चालली पाहिजे, मग छान दिसली पाहिजे. बहुतेक जण हा क्रम उलटा धरतात. रंग आणि चाकांपासून सुरुवात होते आणि ब्रेकपर्यंत पैसेही पोचत नाहीत, उत्साहही पोचत नाही.

रोज वेळेवर कुठे पोचायचं असेल आणि दुसरं कुठलंच साधन नसेल, तर मात्र थांबा. आज काम आणि उद्या सकाळी परीक्षा, या ताणाखाली कुणाच्याही हातून नीट काम होत नाही.

कोणती गाडी निवडू?

जिचे सुटे भाग मिळतात ती. ऐकायला हे फार रूक्ष वाटतं, पण पहिल्या गाडीच्या बाबतीत यापेक्षा मोठा निकष नाही.

एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार १९६२ ते १९८० या काळात बनली, पाच लाखांहून जास्त. तिचं १७९८ सीसीचं इंजिन साधं आणि दणकट आहे, आणि तिचा जवळपास प्रत्येक भाग आजही नवा मिळतो. १९८८पासून तर तिची अख्खी बॉडी मूळ साच्यांवर पुन्हा बनवली जाऊ लागली. स्पिटफायरही १९६२ ते १९८० मधलीच. तिचं बॉनेट दोन्ही मडगार्डांसकट पुढे कलतं, त्यामुळे पुढच्या चाकावर बसून इंजिनचं काम करता येतं. शिकणाऱ्याला इतकी सोयीची रचना क्वचितच मिळते.

तरी मला एकच नाव सांगायला लावलंत तर मी पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५ सांगेन, १९८९ ते १९९७ मधली. तिला फ्युएल इंजेक्शन आहे, चारही चाकांना डिस्क ब्रेक आहेत आणि ती शिशाविरहित पेट्रोलसाठीच बनलेली आहे. १.६ लिटरच्या इंजिनात टायमिंग बेल्ट (व्हॉल्वची उघडझाप पिस्टनशी जुळवणारा पट्टा) तुटला तरी व्हॉल्व पिस्टनवर आदळत नाहीत. गाडी बंद पडते, इंजिन वाचतं. पॉर्श ९४४मध्ये तोच बेल्ट तुटला की व्हॉल्व वाकतात आणि इंजिनचं हेड, म्हणजे वरचा भाग, उतरवावंच लागतं. ९४४ फार सुंदर चालते आणि स्वस्तातली एखादी सापडतेही, पण बेल्ट शेवटचा कधी बदलला याची पावती नसेल तर इंजिन चालू करण्याआधी तो बदला.

एमएक्स-५ बघताना एक लक्षात ठेवा: अगदी सुरुवातीच्या १.६ गाड्यांत क्रँकशाफ्टच्या, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, पुढच्या टोकाशी पुली जागेवर धरणाऱ्या धातूच्या चावीची खाच झिजण्याचा दोष होता. इंजिन फिरत असताना पुढची मोठी पुली डगमगते का ते बघा.

गाडी बघायला गेल्यावर आधी काय बघू?

पत्रा. इंजिन उतरवून दुसरं बसवता येतं, गिअरबॉक्स बदलता येतो, सीट शिवून घेता येते. कुजलेली बॉडी दुरुस्त करायला मात्र महिने जातात, आणि ते काम नवशिक्याचं नाही. म्हणून चकचकीत रंगाच्या, गोड आवाजाच्या पण कुजलेल्या गाडीपेक्षा बंद इंजिनाची, फिक्या रंगाची, घट्ट पत्र्याची गाडी केव्हाही बरी.

सोबत लोहचुंबक, विजेरी आणि जुनी चटई घ्या. चुंबक पातळ कापडात गुंडाळून खालच्या बाजूने फिरवा. जिथे तो धरत नाही तिथे पत्र्याऐवजी पुट्टी आहे. दरवाजाखालचा लांब पोकळ भाग, ज्याला सिल म्हणतात, तो सगळ्यात आधी तपासा. छप्पर नसलेल्या गाडीचा कणा म्हणजे हे सिल. स्पिटफायरला वेगळी चासी, म्हणजे बॉडीखालचा सांगाडा, आहे म्हणून अनेक जण निर्धास्त असतात, पण त्या चासीला बाजूच्या लांब पट्ट्याच नाहीत. तिथेही ताकद सिलवरच आहे. एमजीबीला तर वेगळी चासीच नाही, बॉडी हीच चासी.

मालकाची परवानगी घेऊन गाडी एका बाजूने थोडी उचला आणि दरवाजा उघडून बघा. जमिनीवर सहज उघडणारा दरवाजा उचलल्यावर अडकत असेल, तर गाडी मधून वाकते आहे. नमस्कार करून परत या.

एमएक्स-५मध्ये गंज मागच्या चाकाच्या पुढे, सिलच्या टोकाशी सुरू होतो. कापडी छपरावरचं पाणी ज्या नळ्यांतून खाली जातं त्या पाल्यापाचोळ्याने तुंबतात आणि पाणी सिलमध्ये साचतं. गाडी घेतलीत की पहिल्याच दिवशी त्या नळ्या साफ करा. दहा मिनिटांचं काम आहे.

गालिचे उचलून पाय ठेवायची जागा बघा. बॅटरीखालचा पत्रा बघा. मालक म्हणाला "थोडासाच गंज आहे", तर दिसतो त्याच्या कितीतरी पट आत आहे असं धरा, कारण गंज आतून बाहेर येतो. रंगावरचा फुगवटा हा त्याचा शेवटचा टप्पा असतो.

किती पैसे बाजूला ठेवावेत?

माझा ठोकताळा असा: हातातल्या रकमेतला निम्म्याहून जास्त भाग गाडी घेण्यात घालवू नका. उरलेल्यातून आधी ब्रेक, टायर, इंधनाच्या नळ्या. आणि थोडी रक्कम अशी ठेवा की जिला काहीही झालं तरी हात लावायचा नाही. कुठलाही भाग उघडला की शेजारचा भागही गेलेला निघतो, त्यासाठी ती.

कागदपत्रांचं काय?

चासीवर ठोकलेला नंबर, पाटीवरचा नंबर आणि कागदावरचा नंबर, तिन्ही जुळले पाहिजेत. १९८०च्या दशकापासून हा नंबर १७ अक्षर-अंकांचा असतो. त्याआधीचा छोटा असतो आणि प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी. नंबर जुळत नसेल तर गाडी कितीही आवडली तरी घेऊ नका. विम्याची चौकशी पैसे देण्याआधी करा, नंतर नको. तरुण चालक आणि स्पोर्ट्स कार हे दोन शब्द एकत्र आले की हप्ता चढतो.

खूप वर्षं बंद असलेली गाडी आहे. किल्ली फिरवून बघू का?

कृपा करून नको. बरीच चांगली इंजिनं त्या पहिल्या किल्लीनेच मरतात. सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल उतरलेलं असतं, पिस्टनच्या रिंगा गंजून चिकटलेल्या असतात, टाकीतल्या पेट्रोलचा राळेसारखा चिकट थर झालेला असतो.

सगळे स्पार्क प्लग काढा. प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडा आणि एक-दोन दिवस जाऊ द्या. मग क्रँकच्या बोल्टला पाना लावून हाताने, हळूहळू फिरवा. अडलं तर जोर लावू नका, आणखी तेल सोडा, आणखी थांबा. मोकळं फिरायला लागलं की जुनं तेल काढून नवं तेल आणि नवा फिल्टर घाला. प्लग बाहेर असतानाच स्टार्टरने इंजिन फिरवा, ऑइल प्रेशर दिसेपर्यंत. या वेळी इग्निशनची जोडणी काढून ठेवा. एक ठिणगी आणि पेट्रोलची वाफ पुरेशी असते.

आता कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजा. थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून प्रत्येक सिलिंडरचा आकडा लिहून घ्या. आकडे एकमेकांच्या जवळ असणं महत्त्वाचं, साधारण १० टक्क्यांच्या आत. एखादा खाली असेल तर त्यात चमचाभर तेल घालून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा झिजल्यात, नाही चढला तर व्हॉल्व किंवा गॅस्केट. इतक्या साध्या उपायाने इंजिनचं पोट न उघडता कळतं.

जुनं पेट्रोल पूर्ण काढून टाका. पहिल्यांदा इंजिन चालू करताना टाकीऐवजी वेगळ्या भांड्यातून ताजं पेट्रोल देणारे लोक असतात. तसं करायचं तर ते भांडं बंद झाकणाचं, पेट्रोलसाठीच बनलेलं आणि इंजिनच्या उष्णतेपासून लांब हवं. अग्निशामक हाताशी हवाच.

काम सुरू कुठून करू?

ब्रेकपासून, आणि त्याविषयी जरा सविस्तर लिहितो, कारण इथली चूक दुरुस्त करायची संधी मिळत नाही.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ प्रकारचं ताजं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसला उकळतं. पाणी शोषल्यावर हीच मर्यादा १५५ अंशांपर्यंत उतरलेली असू शकते. घाटात सतत ब्रेक दाबले की ऑइल उकळतं, नळ्यांत वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल सरळ खाली जातं. उभ्या गाडीत पेडल कडक लागत होतं, याला काही अर्थ राहत नाही. शिवाय त्याच पाण्याने नळ्या आणि सिलिंडर आतून गंजतात.

म्हणून जुनी गाडी हातात आली की सगळ्या रबरी नळ्या बदला, बाहेरून कितीही चांगल्या दिसोत. जुनी नळी आतून सुजते. पेडल दाबलं की ऑइल जातं, सोडलं की परत येत नाही, आणि ते चाक धरून राहतं. धातूच्या नळ्यांवर गंज दिसला तर त्याही बदला. मास्टर सिलिंडर (पेडलने दाबला जाणारा), चाकाचे सिलिंडर, कॅलिपर (डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमटणारा भाग) यांचे सील नवे घाला. नवं ऑइल भरा आणि चारही चाकांच्या ब्रेकच्या नळ्यांत अडकलेली हवा काढा. पुढे दर दोन वर्षांनी ऑइल बदला. डॉट ५ हे सिलिकॉनचं असतं, ते डॉट ३ किंवा ४मध्ये कधीही मिसळू नका.

१९६०च्या दशकातल्या बऱ्याच गाड्यांत चारही चाकांना मिळून ब्रेक ऑइलचं एकच सर्किट असे. एक नळी फुटली की चारही ब्रेक गेले. अशा गाडीचा हँडब्रेक हा एकुलता एक आधार असतो, तोही तितक्याच काळजीने नीट करा.

ब्रेकच्या जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो. ड्रमची धूळ हवेच्या दाबाने उडवू नका, ओली करून पुसा, कापड पिशवीत बंद करून टाका. क्लचच्या धुळीलाही हेच लागू.

ब्रेकनंतर टायर. टायरच्या कडेवर चार आकडी तारीख असते: २३१८ म्हणजे २०१८ सालचा २३वा आठवडा. तीनच आकडे असतील तर तो टायर २०००च्या आधीचा आहे. नक्षी पूर्ण शिल्लक असली तरी रबर दगड झालेलं असतं. पावसात ते रस्ता धरत नाही.

एकदाच सगळी गाडी खोलून नव्यासारखी का करू नये?

करता येते. ज्याच्याकडे बंदिस्त जागा, दुसरी गाडी आणि काही वर्षं आहेत त्याने खुशाल करावी. पहिल्या गाडीसाठी मी तो मार्ग सुचवत नाही. माझ्या स्पिटफायरचे बोल्ट मी एकाच डब्यात टाकले होते. कुठला बोल्ट कुठला, हे आठवेल अशी खात्री होती. सहा महिन्यांनी त्यातला एकही ओळखता आला नाही. पण बोल्टांहून वाईट म्हणजे, गाडी डोळ्यांसमोर गाडीसारखी दिसेनाशी झाली. उघड्या सांगाड्याकडे बघून रोज संध्याकाळी हात काळे करायची इच्छा कुठून येणार?

एका वेळी एकच भाग घ्या. या शनिवारी-रविवारी पुढचे ब्रेक, रविवारी संध्याकाळी चाकं लागलेली. पुढच्या आठवड्यात मागचे. खोलताना प्रत्येक पायरीचा फोटो, प्रत्येक भागाचे बोल्ट वेगळ्या पिशवीत, पिशवीवर नाव. नवा भाग येईपर्यंत जुना फेकायचा नाही, कारण कधी कधी नवा भाग बसत नाही.

कोणती हत्यारं लागतील?

आधी तुमच्या गाडीचे बोल्ट इंचात आहेत की मिलिमीटरमध्ये ते बघा. त्या काळच्या ब्रिटिश गाड्या इंचाच्या, जपानी आणि जर्मन मिलिमीटरच्या. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी, त्यामुळे १३चा पाना बसल्यासारखा वाटतो. घट्ट बोल्टवर तोच घसरतो आणि बोल्टची डोकी गोल करतो. चांगला सॉकेट सेट, रिंग पाने, टॉर्क रेंच, मल्टिमीटर, गाडीचं वर्कशॉप मॅन्युअल आणि चांगले जॅक स्टँड एवढ्यावर वर्ष निघतं.

जॅक स्टँडवर काटकसर करू नका. जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. फक्त जॅकवर असलेल्या गाडीखाली मिनिटभरही जाऊ नका, हातसुद्धा घालू नका.

बोल्ट गंजून बसलाय, निघतच नाही. काय करू?

गंज सोडवणारं तेल आदल्या रात्री सोडा. सकाळी पाना लावून आधी किंचित आवळा, मग सोडवा. थोडं पुढे, थोडं मागे. तुटण्याआधी बोल्ट हाताला सांगतो: कडकपणा जाऊन तो गुळगुळीत, चिवट लागायला लागतो. तिथे थांबा, गरम करा, मग पुन्हा प्रयत्न करा. इंधनाच्या किंवा ब्रेकच्या नळ्यांजवळ ज्योत नेऊ नका.

लाइट मंद, इंडिकेटर मनाला येईल तसा. पूर्ण वायरिंग बदलू का?

बहुतेक वेळा गरज नसते. जुन्या गाडीतला विजेचा दोष बऱ्याचदा अर्थिंगचा निघतो. दिव्याची काळी वायर बॉडीला जिथे बोल्टने लावलेली असते तिथे गंज आणि रंग साचतो. दिवा चालू ठेवून मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या अर्थला, दुसरं दिव्याच्या अर्थला लावा. साधारण ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर तो जोड उघडा, चकचकीत घासा, परत लावा.

एक इशारा मात्र आहे. १९६७च्या आधीच्या एमजीबीसारख्या काही गाड्यांत बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असतं. बॅटरी उलटी लावली की नवे इलेक्ट्रॉनिक भाग क्षणात जळतात. आणि त्या काळच्या अनेक ब्रिटिश गाड्यांत हेडलाइटला फ्यूजच नसे. तो जोडून घ्या, सोबत रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) लावा. प्रकाशात पडणारा फरक बघून तुम्हालाच आश्चर्य वाटेल.

आजचं पेट्रोल जुन्या इंजिनाला चालतं का?

चालतं, दोन गोष्टी सांभाळून. जुन्या पेट्रोलमधलं शिसं एक्झॉस्ट व्हॉल्वच्या बैठकीवर संरक्षक थर ठेवायचं. लोखंडी हेडच्या मऊ बैठका शिशाविना, सतत वेगात चालवल्यावर, झिजत जातात. त्यासाठी इंजिन उघडायची घाई नको. व्हॉल्वचं क्लिअरन्स, म्हणजे फट, वेळोवेळी मोजा, ते पुन्हा पुन्हा कमी होत असेल तर हेड कधी उतरेल तेव्हा कठीण बैठका बसवून घ्या. दुसरी गोष्ट इथेनॉलची. ते जुन्या रबराला खातं. इंधनाच्या सगळ्या नळ्या इथेनॉल सहन करणाऱ्या घाला. तडकलेली नळी आणि खाली गरम एक्झॉस्ट, गाड्या जळतात त्या अशाच.

वेल्डिंग स्वतः शिकू का?

शिका, भंगारातल्या पत्र्यावर भरपूर हात बसवा, पण सिल बदलणं ही पहिली शिकवणी नव्हे. उघड्या गाडीचा सिल कापण्याआधी दरवाजाच्या चौकटीत आडवे आधार लावावे लागतात, नाहीतर बॉडी वाकते आणि त्याच वाकात कायमची वेल्ड होते. हे काम अनुभवी माणसाकडून करून घ्या आणि शेजारी उभं राहून बघा. आणि एक: क्लोरिनयुक्त ब्रेक क्लीनरने पुसलेल्या पत्र्यावर कधीही वेल्डिंग करू नका, त्यातून फॉस्जिन हा विषारी वायू तयार होऊ शकतो.

मी आई आहे. मुलगी अशी गाडी मागतेय. ती सुरक्षित आहे का?

आजच्या गाडीइतकी नाही, आणि कुणी तसं सांगितलं तर विश्वास ठेवू नका. १९६० किंवा ७०च्या दशकातल्या गाडीत एअरबॅग नाहीत, एबीएस नाही, अपघातात धक्का शोषणारी रचना आजच्या मानाने फारच कमी. काहींत फक्त कमरेचा पट्टा असतो. तीन ठिकाणी बांधला जाणारा नवा पट्टा सगळ्यात आधी बसवून घ्या. जुन्या पट्ट्याची वीण उन्हाने सडलेली असते.

गाडीचा स्वभावही समजून घ्यायला हवा. सुरुवातीच्या स्पिटफायरमध्ये वळणावर अचानक अ‍ॅक्सिलरेटर सोडला तर मागचं चाक आत दुमडून मागची बाजू फिरायची. १९७०च्या मार्क ४पासून मागच्या स्प्रिंगच्या पाट्याची रचना बदलून हे बरंच काबूत आणलं. मुलीला मोकळ्या मैदानात, ओल्या जमिनीवर, कमी वेगात गाडी घसरते कशी हे अनुभवी माणसासोबत शिकू द्या. रात्रीचा, हायवेचा, मुसळधार पावसाचा प्रवास पहिल्या वर्षी या गाडीने नको.

हे सगळं मान्य करूनही मी तिच्या बाजूने बोलेन. जिने स्वतःच्या हाताने ब्रेकचा सिलिंडर बसवलाय, तिला गाडी थांबायला किती अंतर लागतं हे नीट माहीत असतं. आणि तुम्ही शनिवारी तासभर तिच्याजवळ विजेरी धरून बसलात, तर त्या तासात ज्या गप्पा होतात त्या जेवणाच्या टेबलावर होत नाहीत.

रंग कधी?

सगळ्यात शेवटी. आधी रंग दिलात तर पुढचं प्रत्येक काम त्यावर ओरखडे पाडेल. डाग पडू नये म्हणून तुम्ही कामंच टाळाल, हे त्याहून वाईट. टू-के रंगाच्या (दोन घटक मिसळून लावायच्या) हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात, त्याने कायमचा दमा लागू शकतो. साधा धुळीचा मास्क तिथे कामाचा नाही, बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मुखवटाच लागतो. त्यामुळे रंग व्यावसायिकाकडे. घासणं आणि तयारी तुम्ही करा, खर्चही बराच वाचतो.

टर्बो, मोठं इंजिन?

पहिल्या वर्षी नको. गाडी मूळची कशी चालते हे आधी कळू द्या.

पहिल्यांदा रस्त्यावर नेताना काय करू?

दिवसा, कोरड्या रस्त्यावर, घराभोवती पाच मिनिटं. परत येऊन चारही चाकांच्या मध्यापाशी हात न्या, आधी लांबून. एकच चाक गरम लागलं तर तिथला ब्रेक धरतोय. गाडीखाली पुठ्ठा सरकवून रात्रभर ठेवा आणि सकाळी डाग बघा: तपकिरी म्हणजे इंजिन किंवा गिअर ऑइल, हिरवट आणि गोडसर वासाचा म्हणजे कूलंट, चाकाच्या आतल्या बाजूला पातळ तेलकट ओल म्हणजे ब्रेक ऑइल, आणि मग गाडी हलवायची नाही.

दुसऱ्या दिवशी पंधरा मिनिटं, तिसऱ्या दिवशी अर्धा तास. साधारण ८० किलोमीटर झाले की चाकांचे नट टॉर्क रेंचने पुन्हा तपासा. सोबत वही ठेवा: तारीख, किलोमीटर, काय केलं, काय ऐकू आलं. माझ्या वहीत स्पिटफायरच्या पहिल्या फेरीची नोंद अशी आहे: "४ किमी. डावं पुढचं चाक गरम. उद्या कॅलिपर." दुसऱ्या दिवशी कॅलिपर उघडला, पिस्टनवरचा गंज काढला, परत बसवला, आणि त्या संध्याकाळी १२ किलोमीटर झाले.